'नवीन जागा' नावाची लिस्ट

४ मार्च, मंगळवार

डावं मनगट मोडलं. वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढायला स्टुलावर चढलो आणि गठ्ठ्यासकट खाली आलो. गठ्ठ्याला काही झालं नाही. मला सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, "उजवा शाबूत आहे ना, मग काय!" आता त्यांना कोण सांगणार, एका हाताचा बाइंडर म्हणजे एका पात्याची कात्री.

साडूंनी दवाखान्यात नेलं, एक्स-रेच्या रांगेत माझ्याऐवजी उभे राहिले, घरी आणून सोडलं. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एकोणीस वर्षं आम्ही दोघं मिळून बाइंडिंगचा कारखाना चालवतो. कारखाना म्हणजे एका इमारतीच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या, भिंतीला बारमाही ओल. मी शिवतो, पुठ्ठे चढवतो, सोनेरी अक्षरं ठसवतो. ते बोलतात. हे चेष्टेने लिहितोय, पण खोटं नाही. गिऱ्हाईक आणणं, त्याला चहा पाजणं, कारखान्याचं सोशल मीडियावरचं खातं सांभाळणं, सगळं त्यांच्याकडे.

निघताना म्हणाले, "दादा, नुसते बसून राहिलात तर वेड लागेल तुम्हाला. आपल्या खात्यावरून मी दिसेल त्याला फॉलो करत आलोय. तेराशेच्या वर झालेत. कोण गिऱ्हाईक, कोण कागदवाला, काही पत्ता लागत नाही. त्यांच्या लिस्ट करून द्या ना. तुमच्याएवढी शिस्त कुणाकडे आहे?"

हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत हे कळत होतं. चढलो. आजच एकदा पडून झालं असल्यामुळे भीती उरली नव्हती. पासवर्ड त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिला.

ही वही कारखान्यातलीच आहे. एक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, उलटा शिवला गेला म्हणून विकायला ठेवली नाही. कारखान्यात शिवणाऱ्या मावशींची चूक. मी त्यांच्याशी एक दिवस बोललो नव्हतो.

६ मार्च, गुरुवार

एक हजार तीनशे बारा माणसं. साडूंनी कुणाकुणाला फॉलो केलंय बघून डोकं फिरलं. एक गृहस्थ रोज झोपलेल्या कुत्र्याचा फोटो टाकतात. कुत्रा तोच, झोप तीच. यांचा बाइंडिंगशी संबंध काय? विचारलं तर म्हणाले, "दादा, संबंध असाच वाढतो."

मी लिस्ट पाडल्या. गिऱ्हाइकं. कागद आणि कापडवाले. इतर बाइंडर. फुकटे (म्हणजे जे वर्षानुवर्षं फक्त भाव विचारतात). कोण कुठले. आणि 'आपले लोक', त्यात घरचे आणि मी. माझं एक छोटं खातं लेकीने काढून दिलेलं आहे. एकतीस जण मला फॉलो करतात, त्यातले निम्मे नातेवाईक.

लेकीचा फोन आला, ती नोकरीमुळे दुसऱ्या गावी असते. तिला सांगितलं, एक माणूस एकाच लिस्टमध्ये. ती हसली. "बाबा, एकाला कितीही लिस्टमध्ये टाकता येतं." येत असेल. पान एकाच फर्म्यात बसतं. दोन फर्म्यांत एकच पान निघालं तर त्याला आमच्यात घोटाळा म्हणतात.

तीनशे झाले. उजव्या अंगठ्याला गोळे आले.

९ मार्च, रविवार

आज एक गंमत सापडली. लिस्टच्या पानावर अगदी खाली एक लिस्ट आधीपासून आहे, शेजारी छोटं कुलूप. नाव, 'नवीन जागा'. आत तेवीस जण. जागांचा एक दलाल, रंगारी, मशीनवाला, आपला मुख्य कागदवाला, चार मोठी गिऱ्हाइकं, आणि मावशी. मावशी आमच्याकडे चौदा वर्षं फर्मे शिवतात, त्यांचं खातं आहे हेच मला माहीत नव्हतं. कुलूप म्हणजे बाहेरच्यांना दिसत नाही. पण खातं एकच म्हणजे किल्ली एकच, हे साडूंच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

नावं पुन्हा एकदा वरपासून वाचली. मग सगळं उलगडलं. एकोणीस वर्षं मी त्या ओलीच्या नावाने बोंबलतोय. पुठ्ठे वाकतात, खळ वाळत नाही, पावडर टाकली तरी कोपऱ्यात बुरशी धरते. साडू दर वेळी म्हणायचे, "बघू, दादा." बघतायत की! मी घरी पडलेला असताना नवी कोरडी जागा बघून ठेवायची आणि प्लास्टर निघालं की हात धरून न्यायचं, असा बेत असणार. इतका विचार करतील असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांना फार कमी लेखतो.

हिला सांगितलं. ही गॅसपाशी उभी होती. म्हणाली, "असेल काहीतरी. तुम्ही कशाला त्यात डोकं घालता?" मी म्हटलं, अगं, आनंदाची बातमी आहे. तर म्हणे, "दूध उतू जाईल, थांबा." दूध गॅसवर नव्हतंच, पाणी होतं. हिला आता चष्म्याचा नंबर बदलायला हवा.

१० मार्च, सोमवार

ठरवलं. मला माहीत आहे हे कळू द्यायचं नाही, पण लिस्ट अशी अर्धवट ठेवायची नाही. साडूंनी चार गिऱ्हाइकं घेतली ती नुसती मोठी बघून. जुन्या निकालांचे खंड बांधून घेणारे निवृत्त न्यायाधीश त्यात नाहीत! संगीत शिकवणाऱ्या बाई नाहीत! नव्या जागेचं ज्यांना आधी कळायला हवं ती माणसं मला ठाऊक. आज एकोणीस जण घातले. त्यांना 'गिऱ्हाइकं'मधून काढून इकडे आणलं, नियम म्हणजे नियम. आता बेचाळीस.

न्यायाधीशांवरून आठवलं. दोनेक महिन्यांपूर्वी साडूंनी त्यांच्यासमोर गमचं मशीन घेण्याचा विषय काढला. शिवायचं नाही, पानांच्या पाठीला नुसता गम लावायचा, तासाला दोनशे पुस्तकं. मी म्हटलं, "साहेब, आमचे साडू बोलण्यातही गमच लावतात, दुसऱ्या दिवशी पानं सुटतात." न्यायाधीश डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मावशीही हसल्या. साडूही हसले. मोठ्या मनाचा माणूस.

१४ मार्च, शुक्रवार

साडू येऊन गेले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "दादा, लिस्टचं कुठवर आलं? काही वेगळं... अडचणीचं दिसलं का?"

मी चेहरा कोरा ठेवला. "छे. झोपलेला कुत्रा सोडला तर काही नाही."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मोकळे झाल्यासारखे हसले. आम्ही दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतोय या विचाराने मला इतकं हसू येत होतं की खोकल्याचं निमित्त करून आत गेलो.

नंतर त्यांनीच सुचवलं. "प्रत्येक गिऱ्हाइकाचं तुमच्या डोक्यात जे आहे ना, कुणाला काय लागतं, कोण कशावरून चिडतं, ते लिहून दिलंत तर फार बरं होईल. उद्या कुणाला काही झालं तर?" सूचना चांगली आहे. हात मोडल्यापासून मलाही तेच वाटतंय. एरवी ही सगळी विद्या माझ्याबरोबर वर जायची.

१८ मार्च, मंगळवार

चार दिवस टिपणं. न्यायाधीश: गडद हिरवं कापड, काळ्याच्या जवळ जाणारं नको. अक्षरं कण्यावर आडवी. वेळेआधी दिलं तर संशय घेतात, दोन दिवस उशिरा द्यावं. संगीताच्या बाई: वही उघडल्यावर स्टँडवर सपाट राहिली पाहिजे, म्हणून शिलाई सैल, पाठ चिकटवायची नाही. स्वतःच्या कविता छापणारे ते सद्गृहस्थ: आधी कविता ऐकून घ्यावी, मग भाव सांगावा, घासाघीस करत नाहीत.

एका बोटाने टाइप केलं आणि साडूंना पाठवलं. अठ्ठेचाळीस गिऱ्हाइकांचं. लिहिता लिहिता आठवलेले आणखी पंचवीस जण 'नवीन जागा'तही आणले, आता तिथे सदुसष्ट. लगेच उत्तर, हात जोडलेली सहा चित्रं. मग लिहिलं, "दादा, हे सोनं आहे."

मला शाबासकी आवडते हे मी इथे कबूल करतो. कारखान्यात कुणी देत नाही, कारण मीच कुणाला देत नाही.

सगळं झाल्यावर लक्षात आलं, 'नवीन जागा'मध्ये मीच नाही! साहजिक आहे, ज्याच्यासाठी बेत त्याला कोण घालतं. पण लिस्ट पुरी नको का व्हायला? स्वतःला 'आपले लोक'मधून काढलं आणि तिकडे घातलं. अडुसष्ट.

१९ मार्च, बुधवार

सकाळी बघतो तर सदुसष्ट. मी नाही. अंगठा जाड आहे माझा, बटण नीट दाबलं गेलं नसणार. पुन्हा घातलं.

२१ मार्च, शुक्रवार

पुन्हा नाही.

लेकीला विचारलं, हे आपोआप गळतं का? म्हणाली, "आपोआप नाही गळत, बाबा. कुणीतरी काढावं लागतं."  मग म्हणाली, "आई कुठंय? आईला द्या फोन." ही फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. बाहेर आली ती नाक पुसत. मी म्हटलं काय झालं, तर म्हणे लेकीला सर्दी झालीय. सर्दी लेकीला आणि नाक ही पुसतेय.

कुठेतरी पाणी मुरतंय. पण मी काय म्हणून वाईट विचार करू? ज्या माणसाने दवाखान्यात माझं नाव पुकारल्यावर "आमचे दादा आहेत" म्हणून पुढे होऊन मला आधार दिला, त्याच्याबद्दल?

२३ मार्च, रविवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

साडू दुपारी आले. समोरच्या खुर्चीत बसले, हातात फोन, नेहमीसारखाच. ही चहा ठेवून आत गेली, थांबली नाही. मी प्लास्टरखाली उशी घेऊन बसलो होतो. त्यांचं चालू होतं, कागदवाला कसा उशीर करतो, मावशींचा गुडघा कसा दुखतो. मी माझ्या फोनवर लिस्ट उघडली आणि स्वतःला तिसऱ्यांदा घातलं. अडुसष्ट. फोन मांडीवर ठेवला.

ते म्हणाले, "हात कसा आहे, दादा? बोटं हलतात ना?" आणि विचारता विचारता त्यांचा अंगठा त्यांच्या फोनवर दोनदा टेकला. नजर फोनवर होती. मी माझ्या फोनचा पडदा खाली ओढून सोडला. सदुसष्ट.

मी म्हटलं, "हलतात."

"मग बरंय," ते म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

माझ्यापासून चार फुटांवर. माझ्या घरातला कप हातात धरून.   तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं याची भीती वाटली. वर आणि विचारलं, "अजून चहा घेता?" घेतला त्यांनी.

गेल्यावर हिला हाक मारली. ही दारात उभी राहिली, आत आली नाही. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"धाकटीने सांगितलं होतं मला. तुमचा हात मोडला त्याच्या आधी दोन आठवडे. एप्रिलमध्ये नवीन जागेत जायचं, त्यांचं त्यांनी स्वतंत्र करायचं. गमचं मशीन घेतलंय."

"आणि तू मला तो सगळा पसारा मांडताना बघत बसलीस? ती टिपणं लिहिताना?"

"म्हणत होते ना तुम्हाला, नका डोकं घालू." तिचा आवाज फुटला. "शपथ घातली होती तिने. मला एकच बहीण आहे हो."

मला वाटलं होतं साडूचं ऐकून जे तुटायचं ते तुटलं. तसं नव्हतं. हिचं ऐकून जे झालं त्याला माझ्याकडे शब्द नाही. सत्तावीस वर्षं शेजारी झोपणारी बाई.

२४ मार्च, सोमवार

प्लास्टर घेऊनच कारखान्यात गेलो. दाबाचं यंत्र जागेवर होतं, ते त्याला नकोच असणार. सोनेरी अक्षरांचे ठसे कापडात बांधून दाराशी ठेवले होते. मावशी शिवत होत्या. मला बघून त्यांनी मान वर केली नाही, टाका मात्र चुकला.

साडू म्हणाला, "दादा, मी सांगणारच होतो."

"कधी? माझी आणखी अठ्ठेचाळीस टिपणं झाल्यावर?"

"तुम्ही आपणहून माणसं घालायला लागलात. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुमची ना नाही."

"मग मला काढत का होतास?"

  तो एकदम भडकला. "एकोणीस वर्षं मी तुमच्या मागे उभा राहिलो! गिऱ्हाईक मी आणायचं आणि गिऱ्हाइकासमोर तुम्ही माझी टर उडवायची. एक मशीन घेऊ म्हटलं तर न्यायाधीशांसमोर मला गम म्हणालात. मी हसलो म्हणजे मला लागलं नाही वाटतं?"

लागलं असेल. मला दिसलं नव्हतं हे खरं आहे. पण लागलं तर भांडायचं, चार लोकांत माझी अब्रू काढायची, स्टूल उचलून डोक्यात घालायचं. एक्स-रेच्या रांगेत उभं राहून केसाने गळा कापायचा नाही. हे मी त्याला बोलून दाखवलं, जसं इथे लिहिलंय तसंच.

तो खाली बघून म्हणाला, "टिपणांचा फार उपयोग होईल. खरंच सांगतो." उपहास नव्हता त्यात. तेच जास्त लागलं.

मावशींना विचारलं, "तुम्हीही?" म्हणाल्या, "तिथं कोरडं आहे हो, दादा. माझे गुडघे." त्यांना काय बोलणार. ओलीची तक्रार मीच त्यांना शिकवली.

घरी येऊन खातं उघडलं. पासवर्ड चुकीचा आहे म्हणतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे तर दांडा मीच तासून, तेल लावून दिला.

२ एप्रिल, बुधवार

हिच्याशी बोलणं बंद आहे. औषध, पाणी, दार लावलं का, एवढंच. लेक रोज फोन करते, दोघांना वेगवेगळा.

१५ एप्रिल, मंगळवार

प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, कातडी कागदासारखी. डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली. अर्धीच वळते. म्हणाले, तीन महिने लागतील.

परत येताना कारखाना उघडला. एक खोली रिकामी. मी भिंतीला टेकून बसलो आणि सुई ओवून बघितली. अकराव्या खेपेला ओवली गेली.

२७ एप्रिल, रविवार

लेकीने कळवलं, बघू नका म्हणून. म्हणून बघितलं.

कारखान्याच्या खात्यावर नव्या जागेचा फोटो. पांढऱ्या भिंती, मोठी खिडकी, गमचं मशीन, फुलं. आणि एक फोटो माझ्या हातांचा. चामडं ओढून कण्यावर बसवताना दोन्ही हात, चेहरा नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यानेच काढला होता. खाली अभिनंदनाची रांग. कागदवाला, संगीताच्या बाई, ते कवी, मी एकेकाला निवडून घातलेले सगळे. न्यायाधीशांनी लिहिलं होतं, "शिवण दादांच्याच हातची ना? माझे खंड दुसऱ्या कुणाकडे द्यायचे नाहीत."

त्याखाली कारखान्याच्या नावाने उत्तर: "अर्थातच, सर. हात तोच, जागा नवीन."

मी फोन घेऊन तासभर बसलो असेन. गिऱ्हाइकं नेली, मावशींना नेलं, टिपणं नेली, ते मी माझ्या मूर्खपणाच्या नावे टाकलं होतं. पण हात? मग माझ्या त्या एकतीस जणांच्या खात्यावरून उत्तराखाली लिहिलं. तीनदा लिहून तीनदा खोडलं, शिव्या होत्या. चौथ्यांदा एवढंच ठेवलं: "न्यायाधीश साहेब, फोटोतले हात माझे आहेत. मी तिथे नाही. जुन्याच जागी आहे. हात मोडला होता, बरा होतोय. थोडं थांबावं लागेल."

पाठवलं. त्यावर बराच वेळ काही आलं नाही. बायकोच्या बहिणीच्या संसारावर चारचौघांत चिखल उडवला असं सगळे नातेवाईक म्हणणार, हे मला दिसत होतं.

मग एक लाइक आलं. हिचं. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसकट, जिथे तिची बहीण बघणार, मेहुणे बघणार, सगळं गोत बघणार.

आत गेलो. ही पलंगाच्या कडेला बसली होती, फोन बाजूला पालथा. म्हणाली, "तिचा फोन आला होता. आता कधी बोलायची नाही म्हणाली."

महिनाभर मी असाच हिंडत होतो की या घरात लुटलं गेलं ते एकट्या माझं. हिच्याकडे एकच बहीण होती, आणि ती हिने आज माझ्यासाठी गमावली. आधी का नाही, हा राग माझ्या मनातून गेलेला नाही. जाईल की नाही, सांगता येत नाही.

तिच्या शेजारी बसलो. डावा हात तिच्या हातावर ठेवला. मूठ अर्धीच वळली.